नाईटशर्टातला जनरल

मागच्या वर्षी लेकीकडे तीन महिने राहून आलो. ती नॉर्थ कॅरोलिनात कॅरी गावी असते. तिथे आपली मराठी मंडळी इतकी की गणपतीत आपण कोथरूडला तर नाही ना, असं वाटावं. (आमच्या हिचं पहिल्या पंधरवड्यातच भिशीपर्यंत गेलं होतं. असो.) इतिहासाच्या मास्तराला परदेशात नेलं की घरच्यांना एक सोय असते. कुठल्याही जुन्या पाटीपुढे उभं केलं की तासभर निश्चिंती!

एका रात्री जेवताना जावईबापूंनी मुलांना एक गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या शेवटी शेवटी, १० मार्च १८६५ रोजी, त्यांच्या गावापासून दोनेक तासांवर एक घोडदळाची लढाई झाली. मन्रोज क्रॉसरोड्स हे तिचं नाव. उत्तरेचा जनरल किलपॅट्रिक एका शेतकऱ्याच्या घरात झोपला होता. पहाटे दक्षिणेचे घोडेस्वार तळावर तुटून पडले. जनरलसाहेब रात्रीच्या सदऱ्यावर, अनवाणी बाहेर आले. एका स्वाराने त्यांनाच विचारलं, किलपॅट्रिक कुठे आहे? साहेबांनी दुसऱ्याच एका घोड्यावरून जाणाऱ्या माणसाकडे बोट दाखवलं, "तो बघ चालला!" स्वार त्याच्या मागे, आणि साहेब मिळेल त्या घोड्यावर टांग मारून दलदलीत पसार. (घरात एक बाईही होती म्हणतात. मुलांपुढे जावईबापूंनी ती गाळली. मी त्यांच्या जागी असतो तर मीही गाळली असती.) तिकडे या लढाईला गमतीने जे नाव पडलं आहे त्याचा अर्थ साधारण 'किलपॅट्रिकचं सदऱ्यावरचं पलायन' असा होतो.

मुलं खो खो हसली. मीही हसलो, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

रात्री मात्र झोप येईना. वेळेच्या फरकाचं दुखणं तोवर संपलेलं होतं, त्यामुळे दोष त्याच्यावर ढकलता येत नव्हता. हे हसू आपण कुठे ऐकलंय, हे आठवत होतो. मग लक्षात आलं, पस्तीस वर्षं वर्गात ऐकलंय. शाएस्तेखानाची बोटं! लाल महालावरचा तो छापा मी दरवर्षी साभिनय शिकवत असे. खिडकी, अंधार, तलवारीचा वार, बोटं तुटलेला खान. वर्ग हसायचा, टाळ्या पडायच्या, मी खूश. महाराजांच्या त्या धाडसाला तोड नाही, आणि खान लाखाची फौज घेऊन आपल्या मुलखात येऊन बसला होता, तेव्हा माझं म्हणणं त्याबद्दल काहीच नाही. पण त्याच रात्री खानाचा मुलगा अबुल फतह मारला गेला. हे मला ठाऊक होतं, आणि पस्तीस वर्षांत एकदाही मी ते वर्गात सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हसू थांबलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मन्रोज क्रॉसरोड्सबद्दल मिळेल ते वाचायला घेतलं. लेकीने गावच्या वाचनालयाचं कार्ड काढून दिलं. (तिथलं वाचनालय बघून मला आपल्या तालुक्याच्या वाचनालयाची आठवण येऊन जे झालं, त्यावर वेगळं लिहीन.)

परिस्थिती अशी होती. उत्तरेचा सेनापती शर्मन जॉर्जियात समुद्रापर्यंत मुलूख जाळत गेला, मग वळून साउथ कॅरोलिना ओलांडून मार्चच्या सुरुवातीला नॉर्थ कॅरोलिनात शिरला. त्याच्याकडे साठ हजार माणूस. समोरून दक्षिणेचा जनरल हार्डी आपली छोटी फौज घेऊन फेएटव्हिल गावाकडे मागे सरत होता, तिथला केप फिअर नदीवरचा पूल गाठायला. शर्मनचं घोडदळ किलपॅट्रिककडे होतं. त्याने हार्डीमागून येणाऱ्या दक्षिणी घोडदळाला अडवायचं म्हणून आपल्या तुकड्या वेगवेगळ्या रस्त्यांवर पसरल्या आणि स्वतः एका तुकडीबरोबर चौरस्त्यावरच्या मन्रो नावाच्या शेतकऱ्याच्या घरी मुक्काम टाकला. रात्रभर पाऊस. पहारा ढिला, एका बाजूला तर जवळपास नव्हताच. दक्षिणेचे वेड हॅम्प्टन आणि जोसेफ व्हीलर यांना हे कळलं, आणि त्यांनी पहाटे दोन बाजूंनी छापा घातला.

सुरुवातीला सगळं त्यांच्या मनासारखं झालं. तळ हातात आला, तोफा हातात आल्या, कैद केलेले आपले सोबती सोडवले गेले. पण पश्चिमेकडून येणाऱ्या तुकडीचे घोडे दलदलीत रुतले. बाकीचे स्वार तळात पांगले. काही जण लुटीलाही लागले. कित्येक दिवसांचे उपाशी होते ते, त्यांना कोण काय म्हणणार? एवढ्यात दलदलीत पळालेले उत्तरेचे शिपाई सावरले. त्यांच्याकडे एकामागून एक सात गोळ्या झाडणाऱ्या स्पेन्सर कार्बाइन होत्या. स्टेटसन नावाचा एक तोफखान्याचा लेफ्टनंट कसाबसा आपल्या तोफेपर्यंत पोचला आणि त्याने ती गर्दीवर डागली. मग पारडं फिरलं. काही तासांनी, उत्तरेचं पायदळ मदतीला येतंय म्हटल्यावर, हॅम्प्टनने माघार घेतली. किलपॅट्रिकला त्याचा तळ परत मिळाला. आणि हो, कपडेही मिळाले असतील.

त्याने वरिष्ठांना पाठवलेल्या अहवालात आपली १९ माणसं ठार, ६८ जखमी आणि १०३ कैद झाल्याचं लिहिलं. शत्रूची ऐंशीहून जास्त प्रेतं मैदानात सापडली असा त्याचा दावा. तो बढाईखोर होता, त्याच्या स्वतःच्याच फौजेत त्याला 'किल-कॅव्हलरी', म्हणजे घोडदळ मारणारा, असं टोपणनाव होतं, तेव्हा शत्रूचा आकडा कमीजास्त करून घ्या. तरी दोन्हीकडचे मिळून शंभराच्या आसपास मेले असणारच. एका पावसाळी सकाळी. नाईटशर्टाच्या गोष्टीत यांतला एकही नसतो.

आणखी एक गोष्ट वाचून मी पुस्तक मिटून बसलो. किलपॅट्रिकबरोबर त्या रात्री जी तुकडी होती तीत 'फर्स्ट अलाबामा' नावाची पलटण होती. अलाबामा हे तर पक्कं दक्षिणेतलं राज्य! पण तिथल्या डोंगराळ भागातल्या बऱ्याच गरीब शेतकऱ्यांना गुलामांच्या मालकांसाठी मरायचं नव्हतं. ते पळून उत्तरेला मिळाले आणि १८६२ मध्ये त्यांची ही पलटण उभी राहिली. आणि व्हीलरच्या छाप्यातही अलाबामाच्या पलटणी होत्या. म्हणजे त्या पहाटे पावसात तंबूतून धडपडत बाहेर आलेला आणि घोड्यावरून त्याच्यावर पिस्तूल झाडणारा, दोघांची बोली एक, कदाचित बाजारही एकच. यादवी युद्ध हा शब्द मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिला आहे. त्याचा अर्थ मला या पलटणीने समजावला.

ती जागा बघायची फार इच्छा होती, पण ती आता एका मोठ्या लष्करी ठाण्याच्या हद्दीत आहे. फोर्ट ब्रॅग. दक्षिणेच्या ब्रॅग नावाच्या जनरलचं नाव १९१८ पासून होतं, २०२३ मध्ये बदलून फोर्ट लिबर्टी केलं, २०२५ मध्ये पुन्हा ब्रॅग केलं, पण यावेळी दुसऱ्या महायुद्धातल्या त्याच आडनावाच्या एका साध्या शिपायाच्या नावाने! (नावं बदलण्यात आपणच पुढे आहोत असं मला वाटायचं.) तिथे अनाम शिपायांच्या कबरी आहेत आणि १९९० च्या दशकात पुरातत्त्ववाल्यांनी धातुशोधक यंत्रं फिरवून गोळ्या कुठे कुठे पडल्या ते शोधून लढाईचा नकाशा जुळवला. नाईटशर्ट अर्थातच सापडला नाही.

मग जावईबापूंनी तोडगा काढला. म्हणाले, "बाबा, ते नाही तर बेंटनव्हिलला जाऊ. तेच सैन्य, दहा दिवसांनंतरचं." एका रविवारी सगळे निघालो. तासाभराचा रस्ता, दोन्ही बाजूंना पाइनची झाडं आणि शेतं.

मन्रोज क्रॉसरोड्सच्या लढाईने दक्षिणेला मिळालं काय? तर वेळ. त्या गडबडीत हार्डी फेएटव्हिलला पोचला, नदीपार झाला आणि ११ मार्चला मागचा पूल जाळून मोकळा झाला. लष्करी पुस्तकांत याला हॅम्प्टनचं यश म्हणतात. हार्डीची ही वाचलेली फौज १६ तारखेला ॲव्हरेसबरोला लढली आणि १९ ते २१ मार्चला बेंटनव्हिलला. तिथे दक्षिणेचा सेनापती जॉन्स्टन याने वीसेक हजार माणसं गोळा करून शर्मनला शेवटचा धक्का देऊन पाहिला. दोन्हीकडचे मिळून चार हजारांवर मेले, जखमी झाले किंवा हरवले.

तिथे हार्पर नावाच्या कुटुंबाचं दुमजली लाकडी घर आहे. लढाईत त्याचा दवाखाना केला होता. खालच्या खोल्यांत हातपाय कापायचे आणि कुटुंब वरच्या मजल्यावर. मी त्या जिन्याखाली उभा राहून बराच वेळ वर बघत होतो. नातू बाहेर तोफेवर बसायला मिळेल का ते बघत होता.

या बेंटनव्हिलातच मला विली हार्डी भेटला. सोळा वर्षांचा, जनरल हार्डीचा एकुलता एक मुलगा. त्याला टेक्सासच्या घोडदळात, आठव्या पलटणीत जायचं होतं. तेव्हाच्या पोरांना त्या पलटणीचं वेडच होतं. ही पलटणही मन्रोज क्रॉसरोड्सच्या छाप्यात होती. बाप बरेच दिवस टाळत होता. २१ मार्चला अखेर त्याने हो म्हटलं. त्याच दुपारी उत्तरेच्या मोअर नावाच्या सेनानीने डाव्या बगलेला खिंडार पाडलं आणि माघारीचा एकुलता एक पूल धोक्यात आला. हार्डी हाताशी होते तेवढे स्वार आणि थोडं पायदळ घेऊन स्वतः पुढे धावला. टेक्सासवालेही होते, आणि त्यांच्यात विली. हल्ला यशस्वी झाला, पूल वाचला. हार्डी खुशीत परत येत होता, थोडक्यात निभावलं असं काहीतरी हॅम्प्टनला हसत सांगत होता. तेवढ्यात समोरून एक घोडा आला. त्यावर मागे बसलेल्या शिपायाने जखमी विलीला सावरून धरलं होतं. पलटणीत भरती होऊन त्याला काही तासच झाले होते. बापाने त्याचा मुका घेतला आणि तो पुन्हा लढाईकडे वळला. तीन दिवसांनी, २४ मार्चला, हिल्सबरो गावी विली गेला.

आता पुढचं ऐका. मोअर ज्याच्या हाताखाली होता त्या जनरलचं नाव हॉवर्ड. युद्धाआधी हा हॉवर्ड वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेत गणित शिकवायचा. हार्डी तिथे विद्यार्थ्यांचा प्रमुख अधिकारी होता. आणि हॉवर्ड लहानग्या विलीची शिकवणी घेत असे.

म्हणजे मास्तरांच्या फौजेच्या गोळीने शिष्य मेला. मंडळी, माझ्यासारख्याला यापुढे दुसरं काही वाचायची गरज नव्हती. आणि हार्डी तरी कोण? १८५५ मध्ये त्याने पायदळाच्या कवायतीचं पुस्तक लिहिलं होतं, ते दोन्ही बाजूंच्या सैन्यांत वापरलं गेलं. लाखो पोरांना डावं-उजवं शिकवणारा तोही मास्तरच!

माझा राग आहे तो जॉन्स्टनवर. फेब्रुवारी १८६५ मध्ये त्याच्याकडे पुन्हा सूत्रं आली तेव्हा विजयाची आशा संपली होती, बऱ्या अटींवर तह व्हावा एवढ्यासाठीच आता लढायचं, हे त्याने स्वतःच नंतर आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. बेंटनव्हिलनंतर दोन दिवसांनी त्याने लीला कळवलं की शर्मनला आपण फक्त त्रास देऊ शकतो. ९ एप्रिलला लीने शरणागती पत्करली. २६ एप्रिलला जॉन्स्टननेही, डरहॅमजवळच्या बेनेट नावाच्या शेतकऱ्याच्या घरात. तेही आम्ही पाहून आलो. त्या बेनेट नवराबायकोने युद्धाच्या वर्षांत दोन मुलगे आणि जावई गमावला होता. नाईटशर्टाच्या पहाटेपासून त्या घरातल्या सहीपर्यंत सत्तेचाळीस दिवस. विलीच्या जखमेपासून छत्तीस.

यावर आमचा गाडीत वाद झाला. जावईबापू म्हणाले, "बाबा, सैन्य असं आपल्या मनाने थांबवता येतं का? वर राष्ट्राध्यक्ष डेव्हिस होता, त्याला तह मान्य नव्हता. आणि हातात फौज असली तरच अटी घालता येतात. फौज टिकवली म्हणून तर शर्मन बोलणी करायला बसला." मुद्दा अगदीच फेकून देण्यासारखा नाही. पण मला तो पटत नाही. मन्रोच्या शेतात आणि बेंटनव्हिलला माणसं मेल्यामुळे अटींमध्ये नेमकं काय जास्त मिळालं? सुरुवातीला शर्मनने उदार अटी दिल्या होत्या, त्या वॉशिंग्टनने फेटाळल्या आणि शेवटी लीला मिळाल्या साधारण त्याच अटींवर सही झाली. आणि लढत होते कशासाठी? गुलामगिरी रद्द करणारी घटनादुरुस्ती ३१ जानेवारी १८६५ रोजीच अमेरिकेच्या संसदेत मंजूर झाली होती. हॅम्प्टन दक्षिणेतल्या बड्या गुलाममालकांपैकी एक. त्याच्या बाजूबद्दल मला सहानुभूती नाही, हे स्पष्ट लिहितो, नाहीतर अमेरिकेतला भाचा लगेच फोन करील! दोन्ही बाजू सारख्याच, असं मी म्हणत नाही. शर्मन थांबला असता तर चाळीस लाख माणसं साखळीत राहिली असती. पण हरणार हे ज्याला पक्कं ठाऊक आहे, त्याने दुसऱ्याचं पोर घोड्यावर बसवू नये, इतकंच माझं म्हणणं. मग त्याने पुढे कितीही प्रामाणिक पुस्तक लिहिलेलं असो.

जनरल मंडळींचं पुढे तसं बरं चाललं. किलपॅट्रिक चिली देशात अमेरिकेचा राजदूत झाला. हॅम्प्टन साउथ कॅरोलिनाचा गव्हर्नर झाला. व्हीलर काँग्रेसमध्ये निवडून गेला आणि १८९८ मध्ये क्युबात चक्क अमेरिकेच्याच फौजेचा जनरल म्हणून लढला. हॉवर्डने मुक्त झालेल्या गुलामांसाठी काम केलं, वॉशिंग्टनमधलं हॉवर्ड विद्यापीठ त्याच्याच नावाचं. आपल्या विद्यार्थ्याबद्दल त्याला काय वाटत असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही, कारण...

आता हे लिहावं की नाही, दोन दिवस ठरत नव्हतं. १९८६ साली माझ्या शाळेतला एक मुलगा भरतीला निघाला. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव, तिथे यात नवल काहीच नव्हतं. वडील नव्हते. त्याची आई शाळेत आली आणि दाराबाहेरच उभी राहून म्हणाली, "गुरुजी, लई मागं लागलाय. जाऊ देऊ का?" तो माझ्या इतिहासाच्या तासाला पहिल्या बाकावर बसायचा. पानिपत शिकवताना माझा आवाज चढला की त्याचे डोळे चमकायचे. मला ते फार आवडायचं. मी म्हटलं, "जाऊ द्या की बाई. पोराचं सोनं होईल." एका मिनिटात. खुर्चीतून उठलोही नाही.

पुढच्याच वर्षी आपलं सैन्य श्रीलंकेत गेलं. तेही दुसऱ्याच्या यादवीत. तो जाफन्याला होता. पेपरात बातम्या यायला लागल्या आणि मी शाळेत जायचा रस्ता बदलला. त्यांच्या आळीतून जायच्या ऐवजी ओढ्याकडून जाऊ लागलो. पावसाळ्यात गुडघाभर चिखल असायचा. ही विचारायची, "सरळ रस्ता सोडून इकडून का?" मी काहीतरी सांगायचो. जवळजवळ दोन वर्षं मी त्या बाईंच्या समोर गेलो नाही.

तो परत आला. डाव्या पायाने थोडा लंगडतो. पेन्शन मिळते, द्राक्षबाग आहे, मुलगी पुण्यात शिकते. दिवाळीला फोन येतो. आई दहा वर्षांमागे गेली. मी तिला तेव्हा काय बोललो हे त्याला ठाऊक आहे की नाही, मला माहीत नाही. कधी विचारलं नाही.

अमेरिकेहून आल्यावर दोन महिन्यांनी त्याचा दिवाळीचा फोन आला. "गुरुजी, काय पाहिलंत तिकडं?" मी त्याला किलपॅट्रिकची गोष्ट सांगितली. नाईटशर्टापर्यंत आलो तसा तो मोठ्याने हसला. मग मी पुढचंही सांगितलं, दलदल, अलाबामाची पलटण, पूल, टेक्सासचे स्वार, विली. तो गप्प ऐकत होता. मधे एकदाच विचारलं, "वय किती म्हणालात?"

"सोळा."

"आमच्यात पण होता एक अठराचा," तो म्हणाला. मग जरा वेळ थांबून म्हणाला, "गुरुजी, या येकदा बागेत. समदं सांगतो. फोनवर नको."

पुढच्या रविवारी जायचं ठरलं आहे. हीसुद्धा येते म्हणाली.